वाट्याचं काम

एका गावात एक म्हातारी राहत होती. लेक, सून आणि दहा वर्षांचा नातू, एवढंच घर. दाराशी दोन म्हशी होत्या, ओढ्याच्या अंगाला थोडी जिरायत जमीन होती.

म्हातारी पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची. धारा काढायची, शेण भरायची, अंगणात सडा टाकायची. उन्हं वर आली की ओट्यावर सूप घेऊन बसायची. तिला कुणी काम सांगत नसे. कुठलं काम कुणाचं, हे त्या घरात न बोलताच ठरलेलं होतं.

एका श्रावणात चार दिवस झड लागली. गोठ्याच्या दाराशी फरशीवर शेवाळ धरलं. पहाटे धार काढून येताना म्हातारीचा पाय सटकला. चरवी घरंगळत गेली, दूध सांडलं. सून धावत आली तेव्हा म्हातारी म्हणाली, "आधी ती चरवी उचल गं, कुत्रं तोंड घालंल." मग ती स्वतः उठायला गेली आणि तिला उठता येईना. उजवा पाय बाहेरच्या अंगाला वळला होता आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता.

शेजाऱ्याच्या जीपमधून तिला तालुक्याला नेलं. खुब्यापाशी मांडीचं हाड मोडलं होतं. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन केलं, आत सळई घातली, स्क्रूनं हाड बसवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी म्हातारीला वॉकर धरून उभंच केलं. म्हातारीनं दातओठ खात चार पावलं टाकली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी लेकानं पाहिलं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज चालवा. थोडं थोडं वाढवत न्या. दीड महिन्यानं दाखवायला आणा."

लेकानं मान डोलावली. त्याच्या हातात फाईल होती, डोळ्यांपुढं मात्र आईच्या डोळ्यांतलं पाणी होतं. वाटेतच त्यानं मनाशी ठरवलं.

माजघरात खाट टाकली. नवी गादी भरून आणली. लेक म्हणाला, "आई, जन्मभर राबलीस. आता पायाला माती लागू देणार नाही तुझ्या. काय लागलं तर नुसती हाक मार."

आणि तो बोलल्याप्रमाणं वागला. पाण्याचा तांब्या उशाशी असे. सून भाकरी दुधात कुस्करून देई. न्हाणीपर्यंत लेक तिला उचलून नेई. वॉकर पहिले काही दिवस खाटेजवळ उभा होता, मग तो कोपऱ्यात गेला, पुढं त्याच्यावर ओली धडुती वाळत पडू लागली. दीड महिना झाला तेव्हा लेक म्हणाला, "तालुक्याचा रस्ता असा, तिला हिसके सोसायचे नाहीत. बरी आहे की आपली पडून." भेटायला येणाऱ्या बायका जाताना म्हणत, लेक असावा तर असा. सुनेचंही नाव निघे. ते खोटं नव्हतं.

म्हातारी सुरुवातीला विचारायची, "लसूण सोलू का गं? बसल्या बसल्या होईल." सून तिच्या हातातलं ताट काढून घ्यायची. "राहू द्या हो आत्याबाई. कुणी बघितलं तर मला नावं ठेवतील." दिवाळीपर्यंत म्हातारीनं विचारणं सोडलं. पुढं पुढं ती हाकही मारेनाशी झाली. भाकरी अर्धी राहू लागली. संक्रांतीला घरी आलेल्या दोन बायकांना ओळखायला तिला वेळ लागला. लेकाला वाटलं, वय झालं. वय झालंच होतं, म्हणून ते कारण सगळ्यांना पटलं.

फाल्गुनात शेवग्याला शेंगा लागल्या. शेवग्याची फांदी ठिसूळ, तिच्यावर चढू नये, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक असतं. नातवालाही ठाऊक होतं. तो चढला, फांदी मोडली आणि तिच्याबरोबर तोही खाली आला. डावा हात कोपराच्या खाली वाकडा झाला.

पुन्हा तीच जीप, तोच तालुका, त्याच डॉक्टरीणबाई. हात सरळ करून त्यांनी प्लास्टर घातलं. पोरगं रडून रडून थकलं आणि मग कोपऱ्यात स्टँडवर टांगलेल्या सांगाड्याकडे बघत बसलं.

"हे खरं आहे?"

"प्लॅस्टिकचं आहे. पण मोजलीस तर हाडं बरोबर 206 भरतील. माझ्याही अंगात तेवढीच."

"माझ्यात?"

"तुझ्यात थोडी जास्त. तान्ह्या बाळात 300 च्या आसपास असतात. मूल वाढतं तशी काही एकमेकांना जुळून एक होतात. बाळाच्या डोक्यावर टाळू मऊ लागते ना? तिथं कवटीची हाडं अजून भेटलेली नसतात."

पोरानं उजव्या हातानं सांगाड्याच्या बरगड्या चाचपल्या. "अशी कोरडी कोरडी असतात आत?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "छे. कोरडं झालं ते मेलेलं हाड. तुझं आत्ता ओलं आहे, त्यातून रक्त फिरतंय. मेलेलं असतं तर जुळलं कसं असतं? मी फक्त दोन टोकं समोरासमोर आणून ठेवली. पुढचं काम त्याचं तेच करतं. मोडलं तिथं आधी रक्त साकळतं. मग मऊ कूर्चा येते. मग ती हळूहळू कडक होते आणि जाड गाठीसारखं हाड तयार होतं. आणि मग कित्येक महिने ते हाड ती जास्तीची गाठ झिजवत, घासत पुन्हा पहिल्यासारखं होत राहतं."

पोराला हे फार आवडलं. त्यानं आणखी शंभर प्रश्न विचारले. सगळ्यात लहान हाड कानात असतं, जेमतेम 3 मिलिमीटरचं, आणि ते हललं नाही तर नीट ऐकू येत नाही, हे त्याला तिथं कळलं. सगळ्यात लांब हाड मांडीचं. जिभेच्या मुळाशी एक हाड आहे, ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला टेकत नाही, स्नायूंनी नुसतं टांगून धरलेलं असतं. बाहेर पेशंटची रांग लागली होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्याला एक काम दिलं. "कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ धू आणि व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव. दोन-दोन दिवसांनी व्हिनेगर बदल. आठवड्यानं काय होतं ते पुढच्या वेळी मला सांग."

शाळा बंद, खेळ बंद. पोरगं आजीच्या खाटेशेजारी येऊन बसू लागलं. हाडाची बरणीही त्यानं तिथंच आणली, आणि तिथं मोठा पेच पडला. घरात म्हातारी एकटीच माळकरी. कोंबडीचं हाड उशाशी ठेवतो म्हटल्यावर ती सहा महिन्यांत बोलली नव्हती एवढ्या मोठ्यानं बोलली. "उचल आधी ते! माझ्या पांडुरंगासमोर आणतोस?" बरणी पडवीच्या कोनाड्यात गेली. पोरगं रोज तिथं जाऊन बघायचं आणि आत येऊन आजीला वर्दी द्यायचं. आजी तोंड वाकडं करायची, पण ऐकायची.

आठव्या दिवशी पोरगं हाड धुऊन घेऊन आलं आणि उंबऱ्यापलीकडूनच आजीला दाखवू लागलं. हाड दिसायला होतं तसंच होतं. पोरानं ते दोन बोटांत धरून दाबलं. ते वाकलं. सोडल्यावर पुन्हा सरळ झालं.

म्हातारीनं मान उचलली. "मोडंना कसं रं?"

"त्यातला कडक भाग गेला आजी. कॅल्शियम असतं त्याच्यात. ते व्हिनेगरनं खाल्लं. आता नुसता चिवट धागा राहिलाय."

म्हातारी बराच वेळ त्या हाडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्यातलंबी कुणी खाल्लं असंल असंच." आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

सहा आठवडे झाले. बाप पोराला घेऊन तालुक्याला गेला. घरघरणाऱ्या करवतीनं प्लास्टर उभं चिरलं गेलं, दोन कवट्या अलग झाल्या, आणि आतून जो हात निघाला तो पाहून पोराचं तोंड उतरलं. हात पांढुरका पडला होता, त्याच्यावर कोंडा धरला होता. उजव्याशेजारी ठेवला तर तो कुणा दुसऱ्याच, लहान मुलाचा वाटत होता. मूठ वळवली तर बोटं अर्ध्यात थांबत होती.

"माझा हात बारीक केला तुम्ही!"

"मी नाही केला. सहा आठवडे तू त्याच्याकडून काही काम घेतलं नाहीस, म्हणून तो झाला. होईल परत. आता त्याच्याकडून कामं करून घे. पाण्याचा तांब्या उचल, फडकं पिळ, माती मळ. फक्त महिना-दोन महिने झाडावर चढू नकोस."

बाप म्हणाला, "पण मॅडम, नाजूक झालेलं हाड. त्याला जपायला नको का? आईला तर आम्ही अजून खाटेवरून खाली पाय ठेवू दिला नाही."

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"ऑपरेशन झाल्यापासून. श्रावणापासून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी बाहेरच्या मुलाला हाक मारून पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं, आणि बापाला समोर बसवलं.

"हाड म्हणजे काय वाटतं तुम्हाला?"

"आधार," बाप म्हणाला. "शरीराचा आधार."

"खरं आहे. हाडं नसती तर आपण जमिनीवर पसरून राहिलो असतो. पण लोक इथंच थांबतात, आधार म्हणून. हे बघा." त्या उठून सांगाड्यापाशी गेल्या. "ही कवटी मेंदूला चहूकडून झाकते. या बरगड्या, 12 जोड्या, आत काळीज आणि फुप्फुसं. नुसत्या झाकून राहत नाहीत, दर श्वासाला वर उचलल्या जातात आणि खाली येतात, म्हणून छातीत हवा भरते. या मणक्यांच्या मधून मज्जारज्जू खाली जातो. तुम्ही हात उचलता तो स्नायूंनी, पण स्नायूला ओढायला दुसऱ्या टोकाला हाड लागतं. आणि हाडांच्या आत, हा कंबरेचा भाग, ही छातीची पट्टी, हे मणके, इथं मगज असतो. तिथं रक्त तयार होतं. तांबड्या पेशी सेकंदाला साधारण 20 लाख. आपण इथं बोलतोय तोवर किती झाल्या बघा. एक पेशी चार महिने जगते, मग तिच्या जागी दुसरी लागते. एक दिवस सुट्टी नाही."

बाप गप्प ऐकत होता.

"अंगातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत असतं. राहिलेलं थोडं बाहेर, त्यातलं काही रक्तात. पण त्या थोड्याशिवाय काळजाचा ठोका नीट पडत नाही, हाताची मूठ वळत नाही. ते रक्तात जरा कमी पडलं की शरीर हाडातून काढून घेतं. हाड नाही म्हणत नाही. तुमचा जन्म झाला तेव्हा तुमच्या अंगात जवळपास 30 ग्रॅम कॅल्शियम असेल. ते सगळं आईच्या रक्तातून आलं. अंगावर पाजताना तिच्या हाडांनी पुन्हा दिलं. तरुणपणी हे दिलेलं बरंचसं भरून येतं. पाळी गेल्यावर मात्र हाड भराभर झिजायला लागतं आणि भरणं मागं पडतं. म्हणून एवढ्याशा घसरण्यानं त्यांचा खुबा मोडला."

"मग जपायलाच हवं की," बाप हळू म्हणाला.

"तेच सांगते. हाड एकदा तयार झालं आणि तसंच राहिलं, असं नसतं. काही पेशी जुनं हाड पोखरून काढत असतात, काही नवं भरत असतात. मोठ्या माणसाचं वर्षाला साधारण दहावा हिस्सा हाड असं बदललं जातं. आता नवं कुठं भरायचं हे कशावरून ठरतं? भार कुठं पडतो त्यावरून. जिथं भार पडतो तिथं भरलं जातं. जिथं पडत नाही तिथलं काढून नेलं जातं. अवकाशात जाणारी माणसं धडधाकट, तरुण, निवडून घेतलेली. तिथं पायांवर वजनच पडत नाही, तर महिन्याला खुब्याचं हाड एक-दीड टक्का कमी होतं. म्हणून त्यांना तिथं रोज दोन-दोन तास व्यायाम करायला लावतात. तुमच्या आईंना तुम्ही सात महिने खाटेवर ठेवलंत."

बाप मान खाली घालून बसला. बारीक झालेला हात मांडीवर धरून पोरगं त्याच्याकडे बघत होतं.

"रोज दोन वेळा दूध देतो तिला," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"देताच. ते चालूच ठेवा. मी गोळ्या लिहून देते, त्याही द्या. सकाळचं ऊन अंगावर घेऊ द्या. पण दुधातलं कॅल्शियम कुठं जाऊन बसायचं हे हाडाला कळायला हवं ना? ते पायावर उभं राहिल्यावर कळतं. आधी त्यांना इथं घेऊन या."

दुसऱ्या दिवशी म्हातारीला जीपमध्ये घातलं. फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाला धरला. "हाड जुळून महिने झाले," त्या म्हणाल्या. "आता वाट कशाची बघताय?" त्यांनी म्हातारीला उभं करायला सांगितलं. एका बाजूला लेक, एका बाजूला नर्स. म्हातारीचे पाय थरथर कापले आणि ती पुन्हा बसली. "आता कशापायी?" ती म्हणाली. "झालं की माझं."

घरी आल्यावर वॉकरवरची धडुती निघाली. खाट माजघरातून ओट्यालगत पडवीत आली, सकाळचं ऊन तिथं येत होतं. लेक रोज सकाळी आईला म्हणे, "आई, ऊठ, दोन पावलं टाक." म्हातारी म्हणे, "उद्या." लेक विनवण्या करी, रागावे. शेवटी स्वतःवरच रागावून शेतावर निघून जाई. सुनेला तर काय करावं कळेनासं झालं होतं. सात महिने जी सेवा केली ती चुकली म्हणायची, तर मग केलं कशाला? तिचं कुणी चुकलं म्हणालं नव्हतं. तरी तिला ते लागलं होतं.

वैशाख उजाडला. पेरणीला महिना राहिला. बियाण्याच्या भुईमूग शेंगा पोत्यातून काढून पडवीत ओतल्या. त्या हातानंच फोडायच्या असतात. दाणा अख्खा राहिला पाहिजे, वरचं तांबडं साल निघता कामा नये, नाहीतर तो नीट उगवत नाही. डॉक्टरीणबाईंनी हाताला काम सांगितलं होतं, म्हणून पोरगं ढिगाशी बसलं. डाव्या हातात जोर नव्हता. शेंग अंगठ्याखाली सरकायची, मग ते चिडून दोन्ही हातांनी दाबायचं, टरफलाबरोबर दाण्याचीही दोन डाळी व्हायची. फुटके दाणे ते तोंडात टाकत होतं.

खाटेवरून म्हातारी बघत होती. एकदा कण्हली, एकदा खाकरली. मग तिला राहवेना.

"अरं बियाणं हाय ते! खातोस काय? देठाकडनं धर. देठाकडनं. चोचीवर अंगठा ठेव आन् हलकं दाब."

"चोच कुठं असते?"

"काय पोर हाय. आण इकडं."

पोरानं शेंगा खाटेवर नेऊन दिल्या. म्हातारी कोपरावर उठली. एका हातानं होईना, म्हणून बसती झाली. पाठ भिंतीला टेकेना, म्हणून पाय खाली सोडले. तिच्या बोटांत शेंग आली, टोकावर अंगठा पडला, चट् असा बारीक आवाज झाला आणि दोन तांबडे दाणे तळहातावर अख्खे उतरले. तिनं दुसरी उचलली. पोरगं तोंडाला कुलूप लावून बघत होतं. आतून पाणी घेऊन सून आली आणि दारातच थांबली. तिचा हात सवयीनं पुढं झाला होता, शेंगा काढून घ्यायला. तिनं तो मागं घेतला. तांब्या खाली ठेवला आणि आत जाऊन सूप आणलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मला चाळीस किलो फोडायच्या आहेत पेरणीच्या आत. तुम्ही किती घेता?"

म्हातारीनं ढिगाकडे पाहिलं, अंदाज घेतला. "निम्म्या ठेव माझ्याकडं," ती म्हणाली. "पर पाखडायला मला ओट्यावर बसवा. हितं कोंडा घरात येतोय."

ओटा खाटेपासून आठ-दहा पावलांवर होता. पहिल्या दिवशी तिला दोघांनी धरून नेलं. मधे ती दोनदा थांबली, कुणावर तरी चिडली, म्हशीला वैरण कुणी टाकली म्हणून विचारलं. ओट्यावर बसल्यावर तिला घाम फुटला होता. उन्हात बसून तिनं अर्धं सूप पाखडलं आणि थकून तिथंच डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात म्हणून उठली नाही. तिसऱ्या दिवशी पोरानं मुद्दाम दाणे फोडताना डाळी केल्या, आणि ती उठली.

हे सगळं गोष्टीत येतं तसं पटकन झालं नाही. पाऊस पडला, पेरणी झाली, तरी तिला वॉकर लागत होता. आषाढात ती तुळशीपर्यंत जाऊ लागली. लेकानं गोठ्याच्या दाराची फरशी टाकीचे घाव घालून खरबरीत केली, भिंतीला धरायला पाइप ठोकला, वर बल्ब लावला. म्हातारी म्हणाली, पाइप फार उंच झाला. त्यानं तो काढून पुन्हा ठोकला. धार काढायचं काम तिला परत मिळालं नाही. त्यावरून ती भांडली, आणि शेवटी रेडकाला दूध पाजायचं काम घेऊन गप्प बसली. लसूण, तांदूळ, दळणाचे गहू निवडणं तिच्याकडे आलं. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं किती देणं राहिलं, हे ती पूर्वीसारखं लक्षात ठेवू लागली. एखादं नाव निसटायचं, ते मात्र निसटतच राहिलं.

एका सकाळी शेजारीण दळणाचा डबा घेऊन ओट्याशी थांबली. म्हातारी मांडीवर सूप घेऊन गहू निवडत होती. शेजारीण सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "काय हो, या वयात कामाला लावलं का तुम्हाला?"

सुनेच्या तोंडावरचं रक्त उतरलं. ती काही बोलणार, तेवढ्यात म्हातारीच म्हणाली, "लावलं तर. फुकटचं खाऊन माझी हाडं पोकळ झाली होती. तुझ्या सासूला बी धाड उद्या, सुपं दोन हायत."

शेजारीण हसली आणि गेली. तिनं सासूला काही धाडलं नाही.

त्या घरात म्हातारीवर कुणी अन्याय केला नव्हता, एवढं सांगणाऱ्याला इथं म्हणावंसं वाटतं. कुणी तिला उपाशी ठेवलं नव्हतं, वाकडं बोललं नव्हतं. तिच्या अंगावरही नातवासारखंच एक प्लास्टर घातलं गेलं होतं, पण ते मायेचं होतं म्हणून कुणाला दिसलं नाही, आणि ते कधी कापायचं ही तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. हाडाला भार लागतो तो टिकण्यासाठी. माणसालाही घरातला आपला वाटा लागतो, झेपेल तेवढा, पण खरा. नुसता हाताला चाळा म्हणून दिलेलं काम म्हातारीनं उचललं नसतं. ती उठली ती बियाणं वाया जात होतं म्हणून.

सुनेचं माहेर दोन तालुके पलीकडे होतं. तिच्या आईचा गुडघा दोन वर्षं दुखत होता, आणि भावानं आईला फार जपलं होतं. नवी खाट, उशाशी घंटी, सगळं जागच्या जागी. दर रविवारी सून फोन करायची, भाऊ सांगायचा, आई मजेत आहे, काही करू देत नाही तिला. ते ऐकून तिला बरं वाटायचं.

त्या रविवारी तिनं फोन लावला आणि भाऊ बोलायच्या आधीच विचारलं, "आज आईला कोणतं काम दिलंस?"

भाऊ हसला. "काम? अगं, मी तिला पाण्याचा पेला उचलू देत नाही."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "आधी तिच्या गुडघ्याला किती झेपेल ते डॉक्टरांना विचारून ये. आणि तुझ्याकडे यंदा घेवड्याचं बी कुणी निवडलंय?"

"बाई लावली होती."

"नीट निवडलंय का?"

भाऊ जरा थांबला. "नाही," तो म्हणाला. "निम्मं किडकं निघालं."

"मग फोन आईकडं दे," सून म्हणाली, "आणि मी तिला हे सांगत असताना तू मधे बोलू नकोस."